विंडोजचं चिन्ह फिरता फिरता बंद पडणारा कॉम्प्युटर: स्क्रू ड्रायव्हर नंतर, आधी घड्याळ

समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात दाखल्यांचं, फॉर्म भरण्याचं केंद्र चालवणाऱ्या एका तरुण भावाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: चार-पाच वर्षांपूर्वीचा असेंबल्ड कॉम्प्युटर, इंटेलचा प्रोसेसर. चैत्रात केंद्र जुन्या खोलीतून चौकातल्या टिनाच्या गाळ्यात हलवलं, तेव्हापासून दुखणं सुरू. बटण दाबलं की बोर्डाचं चित्र येतं, मग विंडोजचं चिन्ह, खाली ठिपके गोल फिरायला लागतात आणि साधारण ५० सेकंदांनी फटकन बंद. लगेच परत लावला तर विंडोजपर्यंतही जात नाही, १५-२० सेकंदांत बसतो. पंधरा मिनिटं थांबून लावला तर कधी डेस्कटॉप दिसतो. सकाळी सहाला मात्र दहा-बारा मिनिटं चालतो, पण रेंगाळत. एकाने विंडोज नव्याने टाकून दिली, फरक नाही. दुसरा म्हणतो एसएमपीएस (पेटीतला वीज पुरवणारा डबा) बदला. बारावीची पोरं दाखल्यासाठी बसलीत, पीककर्जाचे कागद अडलेत. "दादा, लोकं बसून रायतात अन् हे डबडं बंद पडून रायतं. एसएमपीएस घेऊ का?"

नाही. निदान आज तरी नाही.

हिंगणघाटात मी वीसेक वर्षं हाच धंदा करतो आहे. एक गोष्ट आधी सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. तापायला वेळ लागतो. वीज तुटायला लागत नाही. त्यामुळे पेटी उघडायच्या आधी मोबाईलचं स्टॉपवॉच लावायचं आणि बटण दाबल्यापासून बंद पडेपर्यंतचे सेकंद कागदावर लिहायचे. पहिल्यांदा किती, लगेच परत लावल्यावर किती, अर्ध्या तासाने किती, पहाटे किती. तुम्ही हे आकडे न मागता लिहून पाठवलेत, म्हणून इथं बसून काही सांगता येतंय. बहुतेक जण फक्त "बंद पडतो" एवढंच सांगतात.

तुमचे आकडे बघा. गार असताना ५०, लगेच लावला तर १५-२०, थांबलात तर जास्त, पहाटे सर्वांत जास्त. ही चाल उष्णतेचीच आहे. प्रत्येक वेळी आधीची धग शिल्लक असते, तेवढी पुढची धाव आखूड होते. विंडोज बिघडली असती तर तिला पहाट आणि दुपार यात फरक कशाला पडला असता? शिवाय दुसऱ्यांदा तुमचा कॉम्प्युटर विंडोज सुरू व्हायच्या आधीच बसतो. जी अजून आलीच नाही तिला दोष देऊन कसं चालेल? नव्याने टाकलेल्या विंडोजचे पैसे गेले ते गेले.

एसएमपीएस कमजोर असता तर तो बहुधा एका ठरलेल्या जागी बसला असता, गार असो की गरम. उदाहरणार्थ ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्राम, चढतो, पडदा क्षणभर काळा होऊन मोठ्या रिझोल्यूशनवर येतो, तिथे भार एकदम वाढतो. थकलेला एसएमपीएस नेमका तिथे मान टाकतो, रोज तिथेच.

आता उष्णता म्हटली की आपल्याकडे लगेच ब्लोअर हातात घेतात. "धूळ बसली असन." धूळ असतेच, काळ्या मातीचा मुलूख आहे. पण नुसत्या धुळीने कॉम्प्युटर सुरू होता होता बंद पडणं फार कमी. का, ते आकड्यांत सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं निदान घरबसल्या होतं.

(आपल्याकडे अख्ख्या पेटीलाच सीपीयू म्हणतात. मी पुढे पेटीला पेटी म्हणतो आणि आतल्या चिपला प्रोसेसर, नाहीतर घोळ होईल.)

प्रोसेसरवर ॲल्युमिनियमचा पाकळ्यांचा ठोकळा असतो, त्यावर पंखा. तो ठोकळा समजा ३५० ग्रॅमचा. ॲल्युमिनियमचा एक ग्रॅम एक अंशाने तापवायला साधारण ०.९ ज्यूल लागतात, म्हणजे अख्खा ठोकळा एक अंश चढायला ३१५ ज्यूल. प्रोसेसर पूर्ण जोरात ६५ वॅट ओतत असेल आणि पंखा बंद पडला असेल, तरी एक अंश चढायला पाच सेकंद जातात. तुमच्या गाळ्यात दुपारी ४२ अंश धरले, तर तिथून ९५ पर्यंत जायला चार मिनिटांच्या वर. प्रत्यक्षात आणखी जास्त, कारण सुरू होताना प्रोसेसर सतत पूर्ण जोरात नसतो आणि ठोकळा थोडी उष्णता हवेतही सोडत असतो. हे पंखा साफ बंद असतानाचं. पंखा चालू आणि पाकळ्यांत धूळ असेल तर त्याहून कितीतरी जास्त वेळ. धुळीचा कॉम्प्युटर अर्धा तास, तासभर कामानंतर बसतो.

आता समजा प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यातला सांधाच सुटला. मग प्रोसेसरकडे स्वतःचं वजन किती? वरची तांब्याची टोपी धरून पंचवीस-तीस ग्रॅम. तो एक अंश चढायला दहाएक ज्यूल पुरतात. ३० वॅटवर सेकंदाला तीन अंश. ४२ वरून १०० गाठायला २० सेकंद. सांधा पूर्ण सुटलेला नसून एका बाजूने उचलला गेला असेल, तर चाळीस सेकंद, एक मिनिट, दोन मिनिटं.

तुमचे ५० सेकंद कुठे बसतात ते आता तुम्हीच बघा.

सकाळी रेंगाळत चालतो, ही तर आयती साक्ष आहे. इंटेलचे बरेचसे डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःच आपली गती कमी करतात, जीव वाचवायला. बैल धापा टाकायला लागला की पाय संथ होतात, तसं. तरीही धग वाढतच गेली तर आणखी वर एक शेवटची हद्द असते. ती ओलांडली की प्रोसेसर थेट बोर्डाला वीज तोडायचा इशारा देतो. विंडोजला विचारत नाही, बिघाड सांगणारा निळा पडदा नाही, "शटिंग डाउन" नाही. म्हणून फटकन.

आणि हे नेमकं विंडोज सुरू होतानाच का? कारण त्या मिनिटाभरात प्रोसेसरला श्वास घ्यायला फुरसत नसते. ड्रायव्हर चढतात, अँटिव्हायरस उठतो, मागच्या पन्नास सेवा जाग्या होतात. डेस्कटॉप आल्यावर प्रोसेसर दोन कामांच्या मध्ये डुलकी घेतो आणि गार होतो. सुरुवातीला ती डुलकी नाही. बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रामच्या, पडद्यावर तर बऱ्याच बोर्डांत वीज वाचवणारी व्यवस्था पुरती लागूच झालेली नसते, म्हणून तिथे तापमान रिकाम्या डेस्कटॉपपेक्षा थोडं जास्तच दिसतं. तिथे ५० किंवा ५५ दिसले म्हणून घाबरू नका. आपल्याकडे मे महिन्यात ते चालतंच. बघायचं ते आकडा चढतो कसा.

तर पहिली परीक्षा. पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या. बटण दाबताच डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा, बायोसमध्ये जा. 'हार्डवेअर मॉनिटर' किंवा 'पीसी हेल्थ' असं पान असतं. तिथे सीपीयू टेंपरेचर आणि सीपीयू फॅनचे फेरे दिसतात. नुसतं बघत बसा. ४८, ४९, ५० करत जाऊन साठच्या आसपास थांबला, तर सांधा ठीक आहे. डोळ्यांदेखत ६०, ७०, ८०, ९० पळत सुटला, तर पुढे काही बघायचं कारण नाही. पंख्याचे फेरे शून्य असतील किंवा चालू करताच 'सीपीयू फॅन एरर' येत असेल, तर पंखा बंद आहे, वायर पात्यात अडकली आहे किंवा पंख्याची पिन चुकीच्या जागी लागली आहे. ती सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच हवी. काही बोर्ड पुढच्या वेळी चालू करताना 'सीपीयू ओव्हर टेंपरेचर एरर' असं सरळ लिहून सांगतात. आपण घाईत एफ-१ दाबून पुढे जातो आणि मग मेकॅनिकला म्हणतो, काहीच दाखवत नाही.

त्याच पानावर आणखी एक जागा बघा. जुन्या बोर्डांत 'शटडाउन टेंपरेचर' असा पर्याय असतो, ६०, ६५, ७० असे आकडे. कुणीतरी काळजीपोटी ६० करून ठेवलेलं असतं. डिसेंबरात कळतही नाही. नवतपात कॉम्प्युटर रोज बंद पडतो. गणित सोपं आहे: प्रोसेसर खोलीपेक्षा पंचवीस अंश वर राहत असेल, तर १५ अंशांच्या सकाळी तो ४० वर असतो आणि ४२ च्या दुपारी ६७ वर. मशीन तीच, बिघाड नाही, फक्त खालची पायरी वर आली. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तिकडचे लोक हे रोज भोगतात. ही सोय काढून टाकू नका, ८५-९० वर न्या. एवढा पर्याय नसेल तर असेल तो सर्वांत वरचा ठेवा.

दुसरी परीक्षा, माझी आवडती, आणि ती कुठल्या पुस्तकात शिकलो नाही. पेटी आडवी टाका. झाकणाची बाजू वर आणि मदरबोर्ड लागलेली बाजू खाली. उभ्या पेटीत ठोकळा प्रोसेसरवर आडवा लटकलेला असतो, सुटलेला असेल तर आपल्याच वजनाने खाली झुकतो. आडव्या पेटीत तेच वजन त्याला प्रोसेसरवर बसवतं. उभ्याने ५० सेकंद आणि आडव्याने दहा मिनिटं चालला, तर खुंट्या सुटल्या आहेत, पैज लावा.

तिसरी हाताची. बंद पडताच प्लग काढा, झाकण उघडा आणि ठोकळ्याच्या पाकळ्यांना बोट लावा. बायोस ९५ म्हणत होता आणि ठोकळा कोमट किंवा गार, तर उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ठोकळाही चटका देतो, तर सांधा बरा आहे, पंखा किंवा वारा बघा. डॉक्टर नाडी बघतो तसं हे आहे. दहा सेकंदांत उत्तर.

आता खुंट्यांचं. एलजीए ७७५ या सॉकेटपासून (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) पुढे इंटेलच्या खूप बोर्डांवर प्रोसेसरच्या खोक्यासोबत येणारा गोल पंखा चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो. बोर्डाला चार भोकं, प्रत्येकात पांढरे दोन पाय जातात आणि मधून काळी पिन घुसली की ते पाय फाकून पलीकडे अडकतात. तुम्ही केंद्र हलवलंत म्हणता. पेटी कशावर नेली? मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याच्या मांडीवर, नाहीतर ऑटोत उभी. आपले रस्ते काय आहेत ते मी सांगायला नको. हिसके बसून एक किंवा दोन पाय निसटले असावेत. एक निसटला की ठोकळा त्या कोपऱ्यात कागदाएवढा उचलला जातो. डोळ्याला दिसतही नाही. पण त्या फटीत हवा शिरते आणि हवा म्हणजे उष्णतेला पांघरूण. उष्णता वाहून नेण्याच्या मापात तांब्याचा आकडा सुमारे ४००, तर हवेचा ०.०२६ आहे. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये लावतात त्या पेस्टचा एकापासून सात-आठापर्यंत. म्हणजे पेस्टही काही फार हुशार नाही, फक्त हवेपेक्षा पुष्कळ बरी. म्हणून ती पातळ हवी, फटी भरण्यापुरती.

काम असं करा. प्लग काढून पॉवरचं बटण एकदा दाबून धरा, उरलीसुरली वीज निघून जाईल. पेटीच्या कोऱ्या पत्र्याला हात लावा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज साचते, खुर्चीवरून उठताना टचकन लागतं ना, तीच. पेटी आडवी टाका. चारही खुंट्या बोटाने हलवून बघा. पक्की बसलेली हलत नाही, सुटलेली डुलते किंवा बाकीच्यांपेक्षा उंच दिसते. नुसती दाबून कट्ट आवाज आला म्हणून झाकण लावू नका. सांधा एकदा हलला की जुनी पेस्ट फाटलेली असते आणि चार-पाच वर्षांत ती खडूसारखी झालेली असते. पंखा काढाच.

काढताना खुंटीच्या डोक्यावर बाण असतो, त्या दिशेने पाव फेरा द्या आणि वर ओढा. एएमडीचं मशीन असेल तर खुंट्या नसतात, पट्टी आणि खटका असतो, पण तिथे दुसरा धोका आहे. जुन्या सॉकेटमध्ये वाळलेल्या पेस्टने प्रोसेसर ठोकळ्याला चिकटतो आणि ओढला की पिनांसकट उपटून येतो. आधी पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करायचं, मग प्लग काढून ठोकळा डावी-उजवीकडे हळू पिळायचा आणि सुटल्यावर उचलायचा. एकदा माझ्या हातून पाच पिना वाकल्या होत्या. सुईने एकेक सरळ करताना दुपार गेली.

दोन्हीकडची जुनी पेस्ट पुसा. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, सुती कापडावर घ्या, प्रोसेसरवर ओतू नका. पेट्रोल नको, थिनर नको. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. पसरवायची गरज नाही, ठोकळा दाबला की पसरते. चार दाणे टाकले म्हणजे चौपट गार होत नाही, उलट कडेने बोर्डावर उतरते. आणि टूथपेस्ट लावू नका. हसू नका, मी काढली आहे. एका पोराने व्हिडिओ बघून लावली होती, आठवडाभर चालली, मग वाळून पापडी झाली. खरी पेस्ट शंभर-दोनशे रुपयांत येते आणि तीन-चार मशिनींना पुरते.

बसवताना चारही खुंट्यांचे बाण उलट दिशेला, बंद स्थितीत फिरवून घ्या. काळ्या पिना वर ओढलेल्या हव्यात. भोकांवर ठेवा आणि समोरासमोरच्या दोन एकाच वेळी दाबा, मग उरलेल्या दोन. एका बाजूने दाबत गेलात तर पहिली बाजू बसते आणि दुसरी उचलते. बोर्ड जास्त वाकत असेल तर त्याचे स्क्रू काढून तो बाहेर घ्या आणि मऊ कापडावर ठेवून काम करा. तेव्हा मागची बाजूही बघता येते: चारही भोकांतून पांढरे पाय फाकलेले आणि मधून काळं टोक बाहेर, असं दिसलं पाहिजे. चौथ्यात काळं टोक दिसलं नाही तर ती बसलेली नाही, आवाज काहीही आला असला तरी. पाय तुटला असेल तर फेविक्विक लावू नका, खुंट्यांचा संच किंवा पंखाच नवा घ्या.

उघडलीच आहे तर धूळही काढा. ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्यात काडी घालून धरा. वाऱ्याने गरगर फिरवला की बेअरिंग जातं आणि फिरणारा पंखा उलटी वीजही तयार करतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने मारू नका, त्याच्या हवेत पाणी असतं, कधी तेलही. एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. बाहेरूनच जाळीतून हवा मारा. आत मेलेली पाल निघाली तर दचकू नका, हिवाळ्यात उबेला त्या तिथेच जातात.

आता माझा एक फसलेला किस्सा, कारण वर मी फार खात्रीने बोलतो आहे असं वाटेल. एका कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर होता. डिसेंबर, कापसाचा भर, फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि पावती निघायच्या वेळी मशीन बंद. परत लावला की विंडोज येता येता पुन्हा बंद. काट्यावरचा माणूस म्हणाला, "तापून रायला जी." पेटी उघडली तर खरंच, पंख्याच्या आणि पाकळ्यांच्या मध्ये रुईचा जाड थर, नमद्यासारखा. अखंड निघाला, पोळीसारखा. मला वाटलं सापडलं. साफ केलं, पेस्ट लावली, पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी फोन. पुन्हा पेस्ट, यावेळी महागाची. पुन्हा फोन.

तिसऱ्या खेपेला मी चहा पीत नुसता बसलो. मशीन बंद पडली, माणसाने लगेच लावली आणि ती दीड तास चालली. तिथे माझी ट्यूब पेटली. तापलेली मशीन इतक्या लवकर माफ करत नाही. पुढच्या वेळी बंद पडली तेव्हा डोक्यावरचा बल्ब क्षणभर पिवळा झालेला दिसला. पलीकडे प्रेसची मोटर सुरू होत होती. मोटर उठताना व्होल्टेज खाली, यूपीएसची बॅटरी मेलेली, तो ती अर्ध्या सेकंदाची खाच भरू शकत नव्हता. विंडोज सुरू होताना कॉम्प्युटर जास्त वीज ओढतो, म्हणून त्याच वेळी पहिला बळी. बॅटरी बदलली, काम संपलं. सेकंद लिहिले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं: कधी ५, कधी ४०, कधी तासभर, गार-गरमशी काही संबंध नाही. रुई खरी होती, दोष तिचा नव्हता.

म्हणून तुमच्याकडेही हे एवढं तपासून घ्या. कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशनवर आहेत का? असतील तर वेगळे करा. बंद पडायच्या आधी यूपीएस चीक करतो का? एकदा यूपीएस वगळून भिंतीच्या बोर्डावरून सरळ लावून सेकंद मोजा. शेतीपंपांची थ्री फेज येते त्या वेळी तुमच्या डीपीवर व्होल्टेज किती पडतं, गावातल्या वायरमनला विचारा. सेकंद तेवढेच राहिले तर विजेचा प्रश्न नाही. बदलले तर मी चुकलो आणि एसएमपीएसवाला जवळ आला. त्यालाही सांगा, दुसऱ्या चालू मशीनचा एसएमपीएस लावून दाखव. हिरव्या-काळ्या वायरीत तार घालून पंखा फिरवून दाखवणं ही परीक्षा नाही. बिनभाराचा तर म्हातारा बैलही चालतो.

कूलरचं आणखी एक. विदर्भात कूलरशिवाय मे निघत नाही आणि खोली दहा अंश उतरली तर प्रोसेसरही तेवढाच उतरतो, त्यामुळे कूलर मशीनच्या भल्याचाच आहे. फक्त पेटी थेट झोतात नको. ताटीतून तुषार येतात, खारं पाणी बोर्डावर वाळतं आणि हिरवा गंज धरतो. टिनाच्या गाळ्यात पेटी वर फळीवर ठेवली असेल तर खाली आणा. टिनाखालची वरची हवा आणि फरशीजवळची हवा यात चांगलाच फरक असतो. पण थेट जमिनीवर नको, धूळ तिथेच ओढली जाते. दोन विटांवर ठेवा, मागचं तोंड भिंतीपासून वीतभर दूर.

मशीन चालायला लागली की दोन कामं उरतील. इतक्या वेळा मध्येच वीज तुटल्यामुळे विंडोजच्या फायली खराब झाल्या असण्याची शक्यता आहे. उष्णता गेल्यावरही 'ऑटोमॅटिक रिपेअर' येत राहिलं, तर तो या दुखण्याचा मागे राहिलेला व्रण समजा, विंडोजच्या चेकडिस्क आणि एसएफसी या तपासण्या चालवून घ्या. दुसरं, इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' च्या ओळी भरलेल्या दिसतील. त्या बघून कुणी पॉवर म्हणजे एसएमपीएस असं सांगेल. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी नीट शटडाउन झालं नव्हतं. तपशिलात 'बगचेक कोड' शून्य असेल तर निळा पडदा न येता बंद झाला, म्हणजे उष्णता किंवा वीज. शून्य नसेल तर निळा पडदा येऊन गेला, मग रॅम, ड्रायव्हर, डिस्क असा वेगळाच रस्ता.

मोजमापाआधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करून ठेवा. विंडोज ८ पासून ही सोय आहे. तिच्यामुळे शटडाउनला विंडोज अर्धी झोपून राहते आणि पुढच्या वेळी अर्धीच उठते, त्यामुळे दोन वेळांची तुलना जमत नाही. आणि पेस्ट मिळेपर्यंत एखादा दाखला काढायचाच असेल तर पेटी आडवी टाका, झाकण काढा, पहाटे काम करा. डेस्कटॉप आला की पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करा, टर्बो (प्रोसेसरची जादा गती) बंद होतो आणि धग बरीच उतरते. झाकण उघडून समोर टेबल फॅन लावणं हा मात्र तुमच्या बाबतीत उपाय नाही. उष्णता ठोकळ्यात शिरतच नसेल तर बाहेरून कितीही वारा घाला.

लॅपटॉपवाल्यांनीही हे वाचलं असेल, त्यांच्यासाठी एवढंच: लॅपटॉपचा ठोकळा लहान, म्हणून सगळे वेळ निम्म्याहून कमी धरा, आणि तिथे पंख्याच्या तोंडाशी बसलेला धुळीचा पडदा हा खरोखर पहिला संशयित.

उद्या पहाटे आडवी टाकून सेकंद मोजा आणि तेवढे कळवा. हात धजत नसेल तर पेटी इकडे घेऊन या, अर्ध्या तासाचं काम आहे. आणताना मात्र आडवी आणा, बोर्डाची बाजू खाली, खाली एखादी गोधडी. मोटारसायकलवर उभी बांधून आणली तर उरलेल्या खुंट्याही वाटेतच निघतील.